माहेर, परदेश आणि मुक्काम : स्थलांतरित मराठी स्त्रीच्या ओळखीचा एक ऐतिहासिक मागोवा

बीजसंज्ञा : स्थलांतर, स्त्रीची ओळख, पंडिता रमाबाई, आनंदीबाई जोशी, शारदा सदन, इरावती कर्वे, गौरी देशपांडे, समकालीन मराठी कादंबरी

प्रस्तावना

परदेशी जाऊन राहिलेल्या स्त्रीची ओळख हा समकालीन कादंबरीचा एक महत्त्वाचा विषय आहे. गेल्या काही दशकांत भारतीय इंग्रजी साहित्यात या विषयाने मोठी जागा व्यापली. भारती मुखर्जी यांची 'जॅस्मिन' (१९८९) आणि झुंपा लाहिरी यांची 'द नेमसेक' (२००३) ही त्याची परिचित उदाहरणे होत. मराठीत हा विषय ज्यांनी विशेष ताकदीने हाताळला त्यांत गौरी देशपांडे (१९४२-२००३) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' (१९८५) या पुस्तकातील 'तेरुओ' ही लघुकादंबरी जपानमध्ये घडते आणि तिच्या केंद्रस्थानी एक विवाहित मराठी स्त्री आहे.

ही कादंबरी प्रस्तुत लेखिकेने प्रथम वाचली ती पुणे-दौंड लोहमार्गावरील रोजच्या प्रवासात. पुढे महाविद्यालयातील सहकाऱ्यांशी बोलताना एक आक्षेप वारंवार ऐकू आला. जपानात वावरणारी, इंग्रजी वाचणारी, पतीखेरीज अन्य पुरुषाविषयी मोकळेपणाने बोलणारी ही नायिका आपल्या भागातील विद्यार्थिनींना परकीच वाटणार. खुटबावसारख्या गावाचा आणि या कादंबरीचा संबंध काय, असा त्या आक्षेपाचा आशय होता.

हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असाच आहे. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचे उत्तर अगदी जवळ सापडते. याच लोहमार्गावर खुटबावनंतर दौंडकडे जाताना पुढचे स्थानक लागते ते केडगावचे. परदेशी गेलेल्या आणि तेथे स्वतःची ओळख राखण्यासाठी झगडलेल्या मराठी स्त्रियांच्या परंपरेतील एक प्रमुख व्यक्ती, पंडिता रमाबाई, तेथेच स्थिरावली आणि तेथेच निवर्तली. रमाबाईंच्या संस्थेपासून गौरी देशपांडे यांच्या कादंबरीपर्यंत एक सलग ऐतिहासिक धागा आहे आणि तो ध्यानात घेतल्यास या कादंबरीचा आस्वाद अधिक सखोल होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

स्थलांतराची देशी परिभाषा

'स्थलांतरित स्त्री' ही संज्ञा समाजशास्त्रातून आली असली, तरी तिच्यामागील अनुभव मराठी स्त्रीला नवा नाही. भारताच्या जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण म्हणून विवाहाची नोंद होते. आपल्या भाषेत या स्थलांतराला 'सासरी जाणे' असे घरगुती नाव आहे, म्हणून ते स्थलांतर वाटत नाही एवढेच. जात्यावरच्या ओव्यांमध्ये माहेरची वाट, भावाची चाहूल आणि सासरचा परकेपणा हे विषय पिढ्यानपिढ्या आले. परदेशस्थ माणसाच्या ज्या मनोव्यथेची चर्चा आज विद्यापीठीय परिसंवादांत होते, तिची शब्दसंपदा आपल्या आज्या-पणज्यांपाशी तयार होती.

या स्थलांतरात केवळ घर बदलत नाही, तर नावही बदलते. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह होऊन 'आनंदी' झाली. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाईही 'आनंदी'च झाल्या. आपल्या महाविद्यालयातील कोणत्याही वर्गाची हजेरीपट पाहिली तर हा इतिहास संपलेला नाही हे दिसते. दुसऱ्या वर्षात लग्न झालेल्या मुलीचे गुणपत्रक एका नावाचे असते आणि पुढची कागदपत्रे दुसऱ्या नावाची होतात. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. स्वतःची ओळख स्वतःच शपथेवर सिद्ध करण्याचा हा प्रसंग कोणत्याही परदेशस्थ नायिकेच्या प्रसंगाहून कमी बोलका नाही.

आनंदीबाई : जाणे आणि परतणे

परदेशी शिक्षणासाठी गेलेल्या मराठी स्त्रियांत आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयाच्या सभागृहात केलेल्या भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे जाहीर केले. त्याच वर्षी त्या पतीला मागे ठेवून समुद्रमार्गे अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी त्यांना आश्रय आणि माया मिळाली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या, परंतु क्षयाने त्यांना ग्रासले होते. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नियुक्ती हाती असतानाच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आनंदीबाईंनी ओळख टिकवण्याची अट आधीच जाहीर करून टाकली होती. आहार, पोशाख, धर्म यांत आपण बदलणार नाही, ही हमी समाजाला दिल्यावरच त्यांच्या जाण्याला काहीसा आधार मिळाला. म्हणजेच परदेशात स्वतःचे काय करायचे हा प्रश्न त्यांच्यासाठी पूर्णपणे खुला नव्हता. त्यांच्या अस्थी मात्र कार्पेंटर कुटुंबाच्या इच्छेवरून न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत विसावल्या. परत येण्याचे वचन पाळलेल्या या स्त्रीचे अखेरचे स्थान परदेशातच ठरले.

काशीबाई कानिटकर यांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. पुढे श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने हे आयुष्य घराघरांत पोहोचवले. या कादंबरीचे शीर्षकच पाहावे. त्यात स्त्रीचे नाव पतीच्या नावाशी जोडूनच येते. लोकप्रिय स्मृतीत ही कथा एका स्त्रीच्या परदेशवासाची म्हणून जेवढी राहिली, त्याहून अधिक ती एका विलक्षण दांपत्याची म्हणून राहिली. कादंबरी आणि इतिहास यांतील हे अंतर अभ्यासकाने नोंदवले पाहिजे.

रमाबाई : माहेर-सासरच्या पलीकडे

पंडिता रमाबाईंची (१८५८-१९२२) गोष्ट वेगळी आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि पुढे मुलीला संस्कृत शिकवले. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरले. दुष्काळाच्या दिवसांत १८७४ मध्ये आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास यांच्यासह रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथे त्यांच्या विद्वत्तेचा 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरव झाला. १८८० मध्ये भाऊही निवर्तला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. अवघ्या दोन वर्षांत त्या विधवा झाल्या. कन्या मनोरमा तेव्हा एक वर्षाचीही नव्हती.

येथे एक गोष्ट लक्षात येते. रमाबाईंना रूढ अर्थाने माहेर नव्हते आणि सासरही नव्हते. ज्या दोन ठिकाणांच्या आधारे त्या काळची स्त्री स्वतःची ओळख सांगत असे, ती दोन्ही त्यांच्या वाट्याला आली नाहीत. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या तेव्हा महाराष्ट्रही त्यांच्यासाठी जवळजवळ नवा प्रदेश होता. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली.

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बहिरेपणामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी अध्ययन आणि अध्यापन केले. धर्मांतराने पुण्यात वादळ उठले. परंतु सिस्टर जेराल्डिन यांच्याशी आणि अन्य धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार वाचला, तर वादळ दोन्ही किनाऱ्यांवर होते असे दिसते. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली हा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला.

या पत्रांतील वादविषय वरवर पाहता किरकोळ वाटतात. अंडे घातलेला पदार्थ खावा की नाही? क्रुसावरील अक्षरे लॅटिन का असावीत, संस्कृत का नसावीत? पुरुष विद्यार्थ्यांना स्त्रीने शिकवणे योग्य की अयोग्य? रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. जी लॅटिन भाषा आपल्याला आणि आपल्या देशबांधवांना कळत नाही, तिचाच आग्रह कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी पुरुषांना शिकवू नये असे ज्या बिशपांना वाटत होते, त्यांच्या मताशीही त्या असहमत राहिल्या. धर्म स्वीकारला म्हणून इंग्रजपण स्वीकारले असे नव्हे, ही भूमिका त्यांनी ताट, अक्षर आणि वर्ग या तीन ठिकाणी लढवली. स्थलांतरित स्त्रीची ओळख मोठ्या तात्त्विक घोषणांत ठरत नाही. ती अशा रोजच्या गोष्टींत ठरते. समकालीन कादंबरीकारांना हे सत्य पुढे गवसले. रमाबाईंच्या पत्रांत ते शतकभर आधी नोंदले गेले आहे.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि सुमारे पावणेतीन वर्षे तेथे राहिल्या. परतीचा प्रवास त्यांनी जपानमार्गे केला. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९) हा त्यांचा ग्रंथ मराठी प्रवासलेखनातील मैलाचा दगड होय. तेथील लोकशाही आणि स्त्रीशिक्षण यांचे कौतुक करताना वर्णभेदावर टीका करण्यास त्या कचरल्या नाहीत. पाहुणी म्हणून गेलेल्या स्त्रीने यजमान देशाकडे बरोबरीच्या नात्याने पाहिले, हे या ग्रंथाचे वेगळेपण आहे.

शारदा सदन ते कर्वे घराणे

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. या शाळेची पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. ११ मार्च १८९३ रोजी तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. आनंदीबाई जोशी यांची पदवी, शारदा सदनाचा प्रारंभ आणि हा विवाह या तिन्ही घटनांची तारीख एकच असावी हा योगायोग आहे. मात्र या घटनांमधील कार्यकारणसंबंध योगायोगाचा नाही. अमेरिकेत जमलेल्या सहानुभूतीतून आणि निधीतून शारदा सदन उभे राहिले. शारदा सदनामुळे गोदूबाईंना शिक्षण मिळाले आणि त्या शिक्षणातून त्यांना दुसरे आयुष्य मिळाले. 'माझे पुराण' या आत्मकथनात त्यांनी ते स्वतःच्या शब्दांत मांडले.

गोदूबाईंचे, म्हणजेच आनंदीबाई कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी विवाह झाला तो इरावतीबाईंचा (१९०५-१९७०). त्यांचा जन्म ब्रह्मदेशात झाला आणि तेथील इरावती नदीवरूनच त्यांना नाव मिळाले. ज्या स्त्रीच्या नावातच परदेशातील जन्मस्थान वाहते आहे, तिने पुढे १९२८ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये मानवशास्त्राचे संशोधन केले. कवटीच्या रचनेचा संबंध वंशाच्या श्रेष्ठत्वाशी जोडण्याच्या गृहीतकाला त्यांच्या निष्कर्षांनी दुजोरा दिला नाही. त्यांच्या 'परिपूर्ती' या प्रसिद्ध लेखाचा विषयही ओळख हाच आहे. कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची पत्नी अशा ओळखी सभेत सांगून झाल्या तरी काहीतरी राहून गेल्याची जाणीव होते आणि रस्त्यावरच्या मुलांच्या बोलण्यात आपण कोणाची तरी आई म्हणून ओळखले जातो तेव्हा ती यादी पुरी होते. या लेखातील विनोद किती खरा आणि त्याखालची बोच किती खोल, हे वाचकाने आपापले ठरवावे.

इरावतीबाईंची कन्या म्हणजे गौरी देशपांडे. शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीची नात जपानमधील मराठी स्त्रीची कादंबरी लिहिते, हा सुमारे शंभर वर्षांचा प्रवास आहे.

गौरी देशपांडे : शब्दांचे माहेर

गौरी देशपांडे यांनी आरंभी इंग्रजीत कविता लिहिल्या. 'बिट्वीन बर्थ्स' (१९६८) हा त्यांचा पहिला संग्रह. कथात्म लेखनासाठी मात्र त्यांनी मराठी निवडली. परदेशातील अनुभव मांडायला इंग्रजी हाताशी असताना मराठीकडे वळणे ही निवड अर्थपूर्ण आहे. त्यांच्या नायिका दूरदेशी वावरतात, परदेशी माणसांवर प्रेम करतात, परंतु स्वतःशी बोलतात त्या मराठीत.

त्यांच्या पुस्तकांची शीर्षके एकत्र मांडली तर एक गंमत ध्यानात येते. 'काही दूरपर्यंत', 'दुस्तर हा घाट', 'मुक्काम' हे सारे प्रवासाचे शब्द आहेत आणि तेही बैलगाडीच्या, पायवाटेच्या काळातील. 'निरगाठी', 'गोफ' हे गुंतण्याचे शब्द आहेत, तर 'थांग' हा खोलीचा शब्द. विमानाने हिंडणाऱ्या स्त्रियांच्या कथांना लेखिकेने घाटाचे आणि मुक्कामाचे नाव दिले. मुक्काम म्हणजे घर नव्हे. रात्र काढून पुढे जाण्याचे ते ठिकाण असते. माहेर आणि सासर या जोडीला गौरीबाईंनी मुक्काम हा तिसरा पर्याय दिला. माहेर दिले जाते, सासर ठरवले जाते, पण मुक्काम आपण निवडतो.

या लेखनाचा आस्वाद घेताना प्रस्तुत लेखिकेला सर्वाधिक आवडते ती त्यातील अपराधगंडाची अनुपस्थिती. आनंदीबाईंना हमी द्यावी लागली आणि रमाबाईंना पत्रोपत्री खुलासे करावे लागले. 'तेरुओ'ची नायिका कोणालाही खुलासा देत नाही. ती चुकते, हसते, हळवी होते, परंतु आपण मराठी आहोत की नाही याचा दाखला तिच्याकडे कोणी मागत नाही आणि ती तो देतही नाही. हे स्वातंत्र्य आयते मिळालेले नाही. ज्यांनी खुलासे दिले त्यांच्या श्रमांवर ते उभे आहे. इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला या नायिकेच्या बेफिकिरीमागे ती सारी जुनी पत्रे ऐकू येतात, आणि कादंबरीचा आनंद त्यामुळे दुणावतो.

ही परंपरा पुढेही चालू आहे. गौरीबाईंची कन्या उर्मिला देशपांडे अमेरिकेत राहून इंग्रजीत लिहितात. 'अ पॅक ऑफ लाइज' (२००९) ही त्यांची कादंबरी. २०२४ मध्ये त्यांनी सहलेखकासह इरावतीबाईंचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. आजीचा शोध नातीने दुसऱ्या भाषेत घ्यावा, हेही स्थलांतराचेच एक फलित होय.

एक आवश्यक मर्यादा

तथापि येथे थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. वर उल्लेखिलेल्या बहुतेक स्त्रिया उच्चवर्णीय आणि सुशिक्षित होत्या. हिवाळ्यात आमच्या दौंड तालुक्यात ऊसतोडणीसाठी मराठवाड्यातून आणि नगरकडून टोळ्या उतरतात. तोडणीच्या व्यवहारात पती-पत्नी मिळून 'एक कोयता' मोजला जातो आणि उचल सामान्यतः पुरुषाच्या हाती दिली जाते. पहाटेपासून फडात राबणारी स्त्री हिशेबात अर्धा कोयता ठरते. तिला स्वतःचे नाव तर सोडाच, पूर्ण अंकही मिळत नाही. तीही स्थलांतरित स्त्रीच आहे. स्त्रीच्या ओळखीविषयी आपण जे लिहितो, त्यात तिची जागा कोठे आहे हा प्रश्न कादंबरीकारापुरता नसून अभ्यासकापुढेही आहे.

याच ठिकाणी केडगाव पुन्हा महत्त्वाचे ठरते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून निराधार मुली व स्त्रिया आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वेगवेगळ्या भाषांच्या, जातींच्या शेकडो स्त्रिया एकत्र राहिल्या. शेती, विणकाम, छपाई शिकल्या. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाईही तेथील स्त्रियांच्याच हातून झाली. या कार्यामागील धार्मिक प्रेरणेविषयी मतभेद तेव्हाही होते आणि आजही असू शकतात. परंतु घर हरवलेल्या स्त्रियांना हिशेबात पूर्ण अंक देणारी ती वसाहत होती, हे ऐतिहासिक सत्य त्यामुळे बदलत नाही.

समारोप

काही वर्षांपूर्वी तृतीय वर्षाच्या वर्गात रमाबाई शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, त्यांचं माहेर इथलं नाही, सासरही इथलं नाही. मग केडगाव त्यांचं गाव कसं?" वर्गात थोडी हसाहस झाली. त्या वेळी दिलेले उत्तर पुरेसे नव्हते. त्याच वर्षी परीक्षेआधी तिचे लग्न ठरले, आणि पुढे ती नाव बदलाचे प्रतिज्ञापत्र घेऊन कार्यालयात आली तेव्हा तिचा प्रश्न पुन्हा आठवला. तो प्रश्न रमाबाईंपुरता नव्हता. स्वतःविषयी विचारायचे धाडस तिने रमाबाईंच्या निमित्ताने केले होते.

आज त्याचे उत्तर असे द्यावेसे वाटते. जन्माने आणि विवाहाने मिळते तेवढेच गाव स्त्रीचे असते असे नाही. जेथे तिने काम उभे केले आणि जेथे इतरांना जागा दिली, तेही तिचे गाव होय. रमाबाईंनी हे जगून दाखवले आणि गौरी देशपांडे यांनी ते कादंबरीत आणले. म्हणून 'तेरुओ' खुटबावच्या विद्यार्थिनीला परकी आहे, हे मान्य करता येत नाही. ती कादंबरी समजण्यासाठी जपान पाहिलेला असण्याची गरज नाही. लोहमार्गावरच्या पुढच्या स्थानकाचा इतिहास ठाऊक असला, तरी पुष्कळ आहे. तो विद्यार्थिनींपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मात्र आपणा अध्यापकांची आहे.